आकसून रोग ओळखणारे हायड्रोजेल

१९६१ च्या नाताळात ओटो विख्टर्ले यांनी मुलाच्या ‘मेर्कुर’ खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जुळवून हायड्रोजेलच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या, ही कथा आपण ऐकलेली असते. माझ्या मते या पदार्थाच्या इतिहासातील खरे वळण पुढचे आहे.

१९७८ मध्ये तोयोइची तानाका यांनी दाखवले, की परिस्थिती किंचित बदलताच जेल एकाएकी आकसू शकते. मग त्याला रोगाची खूण ओळखायला शिकवता येईल का?

ओसाकातील ताकाशी मियाता व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उत्तर दिले. खूण निवडली अल्फा-फीटोप्रोटीन. यकृताच्या कर्करोगात हे प्रथिन रक्तात वाढते. जेलच्या जाळ्यात त्यांनी दोन पहारेकरी गुंफले : प्रथिनाला चिकटलेली शर्करा धरणारे लेक्टिन आणि खुद्द प्रथिन धरणारे प्रतिपिंड. दोघांनी एकच रेणू धरला, तरच जाळे आवळते.

दोन कशासाठी? हे प्रथिन गरोदरपणात व यकृताच्या इतर विकारांतही वाढते. नुसत्या प्रमाणावरून निवाडा होत नाही. कर्करोगात मात्र त्यावरील शर्करेची ठेवणही बदलते.