ओकच्या बनांतील चकतीचें मैदान

कॅलिफोर्नियांत लॉस एंजेलिस शहराच्या ईशान्येस, सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशीं, आरॉयो सेको नांवाच्या ओढ्याच्या कांठीं ओक वृक्षांचें एक जुनें बन आहे. आरॉयो सेको म्हणजे स्पॅनिश भाषेंत कोरडा ओढा. नांव खरें आहे, पण तें उन्हाळ्यापुरतें. त्या प्रांतीं पाऊस हिवाळ्यांत पडतो, आणि तो जोराचा झाला म्हणजे हाच ओढा डोंगरावरची माती व धोंडे घेऊन असा लोटतो कीं, त्यास आवरण्याकरितां १९२० सालीं खालच्या अंगास ‘डेव्हिल्स गेट’ नांवाचें धरण बांधावें लागलें. बनाच्या शेजारींच ग्रहांकडे यानें धाडणारी सुप्रसिद्ध जेट प्रपल्शन प्रयोगशाळा आहे. अशा ह्या बनांत, ‘ओक ग्रोव्ह पार्क’ नांवाच्या सार्वजनिक उद्यानांत, १९७५ सालीं एका गृहस्थानें खांब रोवविले, आणि एका नव्या खेळाला जगांतलें पहिलें कायमचें मैदान मिळालें.

‘कायमचें’ हा शब्द मीं मुद्दाम उच्चारला. ह्या खेळाच्या इतिहासांत तो सर्रास आढळतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत अशा मैदानांचें काय झालें हें पाहूं लागलों म्हणजे ध्यानांत येतें कीं, सार्वजनिक उद्यानांत जें टिकलें तें वेळोवेळीं हलविलें म्हणूनच टिकलें.

ह्या खेळास डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्यें चेंडू काठीनें टोलवीत टोलवीत खळींत घालावयाचा असतो. येथें चेंडूच्या जागीं प्लॅस्टिकची चकती, काठीच्या जागीं स्वतःचा हात, आणि खळीच्या जागीं जमिनीवर उभी केलेली लोखंडी टोपली. चौथऱ्यावरून चकती फेंकावयाची, ती पडेल तेथून पुन्हां फेंकावयाची, आणि कमींत कमी फेंकींत ती टोपलींत घालावयाची. असे बहुधा अठरा टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यास मूळ खेळाच्या भिडेस्तव ‘होल’ म्हणतात. खळी मात्र कोठेंच नसते.

चकतीचा जन्म स्वयंपाकघरांतला आहे. फ्रेड मॉरिसन नांवाच्या तरुणानें १९३७ सालीं पॉपकॉर्नच्या, म्हणजे मक्याच्या लाह्यांच्या, डब्याचें झांकण आपल्या भावी पत्नीबरोबर फेंकून पाहिलें. पुढच्या वर्षीं सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर तीं दोघें केक भाजण्याचें तबक फेंकीत असतां कोणी एकानें तें पंचवीस सेंटांना मागितलें. बाजारांत त्याची किंमत पांच सेंट होती. आपल्याकडे डब्याचें झांकण फेंकणाऱ्या मुलास आईचा धपाटा मिळतो. तेथें मॉरिसनला गिऱ्हाईक मिळालें आणि त्यांतून धंदा उभा राहिला. १९५७ सालीं व्हॅम-ओ नांवाच्या कंपनीनें त्याच्या प्लॅस्टिकच्या चकतीचे हक्क घेतले व त्याच वर्षीं तिचें ‘फ्रिस्बी’ असें नामकरण केलें. हें नांव मूळ कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट गांवच्या फ्रिस्बी नांवाच्या एका पायवाल्याचें, ज्याचीं रिकामीं पत्र्याचीं तबकें विद्यार्थी फेंकीत असत.

ज्या गृहस्थाचा मीं आरंभीं उल्लेख केला तो एड हेड्रिक. तो १९६४ सालीं ह्याच कंपनींत आला. चकतीच्या पाठीवर एकांत एक अशीं वर्तुळाकार कंगोऱ्यांचीं कडीं उठवून त्यानें तिची डगमग कमी केली आणि १९६७ सालीं त्या सुधारणेचें पेटंट मिळविलें. तोंवर खेळणें असलेली वस्तु आतां नेम धरण्याच्या लायकीची झाली. नेम धरतां येऊं लागला कीं माणूस लक्ष्य शोधूं लागतो.

हीं लक्ष्यें कोणतीं होतीं? उद्यानांत जें उभें असेल तें. झाड, दिव्याचा खांब, पाण्याचा नळ, कचऱ्याची पेटी, बसण्याचें बांक. ठिकठिकाणचे तरुण आपापल्या उद्यानांत असा गोल्फ खेळत होते. कॅनडांतील ब्लॅडवर्थ गांवीं तर १९२६ सालींच शाळकरी मुलें डब्यांच्या झांकणांनीं असा खेळ खेळलीं होतीं. ह्या पद्धतींत गोडी होती ती ही कीं, मैदान बनविण्याचा खर्च शून्य. दोष हा कीं, ज्या बांकाचा नेम धरला त्यावर एखादे आजोबा वर्तमानपत्र वाचीत बसलेले असावयाचे. उद्यान सर्वांचें, मग बांकावर अधिकार फेंकणाऱ्याचा कीं बसणाऱ्याचा? शिवाय झाडाच्या सालीवर रोज शेंकडों चकत्या आदळल्या तर तें झाड किती दिवस सोशील, हाहि प्रश्न होताच.

हेड्रिकचा खांब हें ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर होतें. लक्ष्य स्वतंत्र झाल्यामुळें तें कोठें उभें करावयाचें हें ठरवितां येऊं लागलें, आणि सहल करणाऱ्यांची व फेंकणाऱ्यांची वाट वेगळी काढतां येऊं लागली. लॉस एंजेलिस परगण्याच्या उद्यानखात्यानें परवानगी दिली ती ह्या कारणानें समजण्यासारखी आहे. पण खांब उभे राहिले आणि निराळेंच भांडण सुरू झालें. चकती खांबास लागली कीं नुसती चाटून गेली? फेंकणारा म्हणे लागली. प्रतिस्पर्धी म्हणे नाहीं. हें सोडविण्यास हेड्रिकनें जी युक्ति काढली तिचें मला फार कौतुक वाटतें. खांबाच्या माथ्यावर त्यानें एक कडें बसविलें, त्यांतून सांखळ्या खालीं सोडल्या, आणि त्यांच्याखालीं एक टोपली अडकविली. चकती सांखळ्यांवर आदळली कीं तिचा वेग मरतो व ती टोपलींत पडते. टोपलींत असेल तर आहे, नसेल तर नाहीं. सांखळ्यांचा खळखळाट पलीकडच्या टप्प्यावर ऐकूं जातो, तेव्हां साक्षीदारहि शोधावयास नको. ह्या रचनेचें पेटंट त्यास १९७७ सालीं मिळालें. तत्पूर्वीं, १९७६ मध्यें, त्यानें खेळाडूंची संघटनाहि काढली होती. आपल्या मरणानंतर आपली रक्षा चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्यें मिसळावी अशी त्याची इच्छा होती, आणि २००२ सालीं तो वारल्यावर ती खरोखर पुरी करण्यांत आली.

हा खेळ उद्यानांतून एवढा कां पसरला, ह्याचें कारण मुख्यतः पैशांत आहे असें मला वाटतें. गोल्फच्या मैदानाला शेंकडों एकर जमीन, रोजची कातरणी, आणि अतोनात पाणी लागतें. चकतीला हिरवळीची गरज नाहीं. चढउतार, दाट झाडी, ओढ्याचा कांठ, जेथें दुसरा कोणताहि खेळ मांडतां येणार नाहीं अशी जागाच तिला अधिक मानवते. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांतील मतदारांनीं मालमत्तेवरील करास कायद्यानें मर्यादा घातली आणि स्थानिक संस्थांचा हात आंखडला. अशा दिवसांत ज्या मैदानाला माळी लागत नाहीं तें मैदान अधिकाऱ्यांस आवडावें, ह्यांत नवल नाहीं. आज जगांत अशीं पंधरा हजारांहून अधिक मैदानें आहेत. त्यांतलीं पुष्कळशीं सार्वजनिक उद्यानांत असून बहुतेक ठिकाणीं खेळण्यास पैसा पडत नाहीं.

परंतु माळी लागत नाहीं हा हिशेबच चुकीचा होता. तो चुकला हें कळावयास कांहीं वर्षें लागलीं, कारण झाडें तक्रार उशिरा करतात.

गोष्ट साधी आहे. दिवसभरांत कितीहि माणसें आलीं तरी त्या सर्वांस एका चौथऱ्यावर उभें राहावें लागतें आणि एकाच टोपलीपाशीं जावें लागतें. मधल्या मैदानांत पावलें पांगतात. ह्या दोन टोंकांस तीं गोळा होतात. पावलांनीं माती दबते, दबलेल्या मातींतील हवेच्या जागा मिटतात, पावसाचें पाणी आंत जिरत नाहीं, आणि तें वरून वाहतांना सुटी माती घेऊन जातें. टोपली उतारावर असेल तर दोनतीन पावसाळ्यांत झाडाचीं मुळें उघडीं पडतात. ओकचीं मुळें फार खोल जातात अशी आपली समजूत असते. वस्तुतः झाडास अन्नपाणी पुरविणारीं बारीक मुळें बहुतेक वरच्या दोनतीन फुटांतच पसरलेलीं असतात, आणि त्यांना हवा लागते. जमीन उघडी पडली म्हणून तेथें हिरवळ लावून रोज पाणी शिंपडावें, तर कॅलिफोर्नियाचा ओक कोरड्या उन्हाळ्यास सरावलेला. उन्हाळ्यांत बुंध्याशीं ओल राहिली कीं त्याच्या मुळांस बुरशी लागते. गळलेल्या पानांचा थर हेंच त्याचें खत आणि तीच त्याची गोधडी. नेमका तोच थर पायांखालीं प्रथम नाहींसा होतो.

त्यांत १९८३ सालीं भर पडली. डेव्ह ड्युनिपेस ह्यानें चकतीची बोथट कड काढून तिला तिरकस उतरती धार दिली. चकती हवा कापूं लागली आणि तिचा पल्ला एकदम वाढला. पुढें ही कला किती वाढली ह्याचें टोंक पाहावयाचें तर २०१६ सालीं एका खेळाडूनें नेव्हाडाच्या वाळवंटांत वाऱ्याच्या साह्यानें चकती ३३८ मीटर फेंकली. उद्यानांत कोणी इतकें फेंकीत नाहीं. तरीहि फ्रिस्बीच्या हिशेबानें आंखलेले टप्पे नव्या चकतीस आंखूड पडूं लागले. फेंक चुकली तर पूर्वी जी चकती झुडपांत पडे ती आतां पलीकडच्या पायवाटेवर जाऊं लागली. आणि चकतीची कड कठीण व अरुंद झाल्यामुळें चौथऱ्यासमोरील झाडांच्या सालीवर व्रण दिसूं लागले. पूर्वी मऊ चकतीच्या माऱ्यापासून वांचविलेलें झाड आतां कठीण चकतीच्या वाटेंत आलें.

येथें थोडें विषयांतर करतों. स्कॉटलंडमध्यें सेंट अँड्र्यूज येथें गोल्फचें जें सर्वांत नामांकित मैदान आहे, त्याचीहि कथा ह्याच जातीची आहे. तेथें बावीस होलांची फेरी असे. ती १७६४ सालीं अठरांची झाली. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू निघाला, खेळणारांची गर्दी वाढली, आणि मैदान रुंद करून जातांना व येतांना एकाच विस्तीर्ण हिरवळीवर दोन निराळीं छिद्रें वापरण्याची सोय करावी लागली. आणि आजहि तें मैदान एरवीं रविवारीं खेळास बंद असतें. त्या दिवशीं गांवकरी तेथें मुलांबाळांसह, कुत्रीं घेऊन फिरतात. जमिनीला विसांवा मिळतो, आणि ही जमीन गोल्फवाल्यांच्या बापाची नव्हे ह्याची आठवड्यांतून एकदां उजळणी होते.

चकतीच्या मैदानास रविवार बंद ठेवणें अवघड, कारण लोक येतात तेच रविवारीं. तेथें दुसरी तोड निघाली, आणि ती हेड्रिकच्या खांबांतूनच निघाली. टोपलीचा खांब जमिनींत कायमचा न पुरतां, काँक्रीटमध्यें एक लोखंडी नळी बसवावयाची व खांब तींत उतरवून कुलूप लावावयाचें. एकेका टप्प्यावर अशा दोन, तीन, चार नळ्या निरनिराळ्या जागीं बसवून ठेवल्या कीं टोपली आज येथें तर कांहीं आठवड्यांनीं तेथें. मोकळी झालेली जागा झांकण लावून सोडून द्यावयाची, तेथें लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पसरावयाचा, आणि लोक संवयीनें तेथूनच जाऊं लागले तर वाटेंत एखादा ओंडका आडवा टाकावयाचा. चौथऱ्याची जागा मात्र इतक्या सहज बदलतां येत नाहीं. म्हणून ती काँक्रीटची करतात, म्हणजे तेवढी जमीन झिजण्याचा प्रश्नच उरत नाहीं. उतारावर लाकडाच्या पायऱ्या, बुंध्याभोंवतीं उभ्या फळ्या, धोक्याच्या झाडास वळसा घालूनच फेंकलें पाहिजे असा नियम, अशा बारीकसारीक युक्त्या पुष्कळ आहेत.

हीं कामें बहुतेक ठिकाणीं कोण करतें? पगारी माणसें क्वचितच. खेळाडूंचें मंडळ एखाद्या शनिवारीं कुदळी, फावडीं, ढकलगाड्या घेऊन जमतें. आणि तेथेंच सर्वांत कठीण काम पुढें येतें, तें मातीचें नसून मनाचें असतें. ज्या टप्प्यावर एखाद्यानें आयुष्यांत एकदांच एका फेंकींत टोपली गांठली, तो टप्पा उद्यां मोडणार असें ऐकून तो गृहस्थ चवताळतो. जुने खेळाडू जुन्या रेषेस देव मानतात. उलट बाजूस पक्षिप्रेमी व वृक्षप्रेमी नागरिक असतात. त्यांच्या मतें मैदान मोडून बनच मोकळें करावें. मला ह्यांत दोघांचाहि राग येत नाहीं. पण खेळाडूंची बाजू घ्यावयाची तर ती कुदळ धरणाऱ्यांची घ्यावी. नुसता हक्क सांगणाऱ्यांची नव्हे.

ओक ग्रोव्हचें बन पुढें पासाडेना नगराच्या कारभाराखालीं आलें आणि त्यास हहामोंग्ना असें तेथील मूळच्या टोंग्वा लोकांच्या भाषेंतील नांव मिळालें. २००९ सालीं वरच्या डोंगरांत प्रचंड वणवा लागला, आणि नंतरच्या पावसांत उघड्या पडलेल्या उतारांवरचा गाळ धरणामागें येऊन सांचला. तो उपसण्यावरून वर्षानुवर्षें वाद चालला. ज्या जागेस ओढा स्वतःच दर पिढीस नवा आकार देतो, तेथें माणसानें आंखलेली रेघ ती काय! झाडांखालीं चकत्यांचा खेळ मात्र तेथें चालूच राहिला आहे. सांखळ्या गंजतात, टोपल्या बदलाव्या लागतात, उतारावर नव्या पायऱ्या ठोकाव्या लागतात. हिवाळ्यांतला पहिला पाऊस पडण्यापूर्वीं मुळांवर ढलप्या पसरून झालेल्या बऱ्या, कारण मागाहून चिखलांतून ढकलगाडी नेली कीं तिच्या चाकानें पुन्हां तीच माती दबते.