प्रायमरी निवडणूक : मतदार एकाच पक्षातील उमेदवारांत निवड कशी करतो

अमेरिकेत अध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. राज्याराज्यांत होणाऱ्या प्रायमरी आणि कॉकस या पक्षांतर्गत निवडणुकांत सामान्य मतदार तो ठरवितात. ही पद्धत आजच्या स्वरूपात फार जुनी नाही. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांना प्रायमरीच्या रिंगणात न उतरताच डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. त्यावरून उसळलेल्या असंतोषानंतर पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला आणि १९७२ पासून निर्णयाची सूत्रे प्रामुख्याने मतदारांकडे आली.

मुख्य निवडणुकीत बहुतेक मतदारांचा कौल पक्षाच्या नावावरच ठरतो. प्रायमरीत हा आधार नाहीसा होतो. सर्व उमेदवार एकाच पक्षाचे, ध्येयधोरणे बरीचशी सारखी. फरक असतो तो प्रमाणाचा आणि गतीचा. अशा वेळी मतदारापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आपल्याला कोण हवा, हा पहिला. आणि इतरांना कोण चालेल, हा दुसरा. भारतात तिकीटवाटपाच्या वेळी पक्षश्रेष्ठी ज्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, तो हिशेब तेथे मतदार स्वतःच मांडतो.

हा हिशेब सर्वांत स्पष्टपणे दिसला तो साउथ कॅरोलायनात. या राज्यातील डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. २००७ च्या अखेरीपर्यंत त्यांच्यातील मोठा वर्ग बराक ओबामा यांच्याऐवजी हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेला होता. ओबामांविषयी आपुलकी नव्हती असे नाही. देशातील गौरवर्णीय मतदार त्यांना स्वीकारतील, यावर विश्वास नव्हता. ३ जानेवारी २००८ रोजी जवळजवळ संपूर्ण गौरवर्णीय असलेल्या आयोवाने ओबामांना विजयी केले आणि ही शंका विरली. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामांना सुमारे ५५ टक्के, तर क्लिंटन यांना सुमारे २७ टक्के मते मिळाली.

बारा वर्षांनी त्याच मतदारांनी तोच प्रश्न विचारला, उत्तर मात्र वेगळे आले. कमला हॅरिस आणि कोरी बुकर हे कृष्णवर्णीय सिनेटर या राज्यात मतदान होण्यापूर्वीच शर्यतीतून बाहेर पडले होते. जो बायडेन न्यू हॅम्पशायरमध्ये पाचव्या क्रमांकावर फेकले गेले होते, तर बर्नी सँडर्स न्यू हॅम्पशायर आणि नेवाडा जिंकून आघाडीवर होते. याच सुमारास राज्यातील ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेते आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेम्स क्लायबर्न एका अंत्यसंस्कारासाठी चर्चमध्ये गेले होते. तेथे एका वृद्ध महिलेने त्यांना जवळ बोलावले आणि तुम्ही मत कोणाला देणार, उघड सांगायचे नसेल तर कानात सांगा, अशी गळ घातली. उत्तर ऐकल्यावर, हे समाजालाही कळायला हवे, असे ती म्हणाली. ही हकीकत स्वतः क्लायबर्न यांनीच पुढे सांगितली. २६ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांनी बायडेन यांना जाहीर पाठिंबा दिला आणि तीन दिवसांनी बायडेन यांनी सुमारे ४९ टक्के मते घेऊन राज्य जिंकले. मतदानोत्तर पाहणीत जवळपास निम्म्या मतदारांनी क्लायबर्न यांचा पाठिंबा आपल्या निर्णयात महत्त्वाचा होता, असे सांगितले.

एखाद्या नेत्याच्या सांगण्यावरून मत देणे म्हणजे विचार न करता मत देणे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो फारसा टिकणारा नाही. उमेदवार अनेक आणि धोरणे मिळतीजुळती असताना, ज्याच्या निवाड्याची दशकानुदशके पारख झाली आहे अशा व्यक्तीचे मत विचारणे हाही माहिती मिळविण्याचाच मार्ग आहे.

३ मार्चच्या ‘सुपर ट्यूजडे’ला चौदा राज्यांत मतदान झाले, त्यांपैकी दहा बायडेन यांनी जिंकली. त्या दिवशीच्या मतदानोत्तर पाहण्यांतून एक विसंगती पुढे आली. खासगी आरोग्यविम्याऐवजी सर्वांसाठी सरकारी योजना हवी, ही सँडर्स यांची मुख्य मागणी. टेक्सास आणि टेनेसीत बहुसंख्य डेमोक्रॅटिक मतदारांनी अशा योजनेला अनुकूलता दर्शविली. तरीही दोन्ही राज्ये तिला विरोध करणाऱ्या बायडेन यांच्याकडे गेली. मुद्द्यांवर सहमत असलेल्या उमेदवारापेक्षा डोनाल्ड ट्रम्प यांना हरवू शकणारा उमेदवार मतदारांना अधिक मोलाचा वाटला होता.

नियमही मतदाराला अशा हिशेबाकडे ढकलतात. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधींचे वाटप मतांच्या प्रमाणात होते. परंतु किमान १५ टक्के मते न मिळाल्यास वाटा मिळत नाही. आयोवाच्या कॉकसमध्ये तर पहिल्या फेरीत उमेदवार ही मर्यादा गाठू शकला नाही, तर त्याच्या समर्थकांना तेथेच दुसऱ्या गटात जाण्याची मुभा होती. टपाली मतदाराला ती सोय नसते. पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी सुपर ट्यूजडेच्या अगदी तोंडावर माघार घेतली, तेव्हा कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाच्या अनेक मतपत्रिका आधीच रवाना झाल्या होत्या. ती मते बदलता आली नाहीत.

भारतात काँग्रेसने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग करून पाहिला. त्यांत महाराष्ट्रातील लातूरचाही समावेश होता. मतदानाचा हक्क मात्र सामान्य मतदारांना नव्हे, तर पक्षाचे पदाधिकारी व कार्यकर्ते यांना होता. वडोदऱ्यात या पद्धतीने नरेंद्र रावत निवडले गेले. पण नरेंद्र मोदी यांची तेथील उमेदवारी जाहीर झाल्यावर त्यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री आले.

साउथ कॅरोलायनाचे वजन ओळखून डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ च्या अधिकृत वेळापत्रकात त्या राज्याला पहिला मान दिला. ३ फेब्रुवारीला तेथे मतदान झाले, परंतु विद्यमान अध्यक्ष बायडेन यांच्यासमोर तुल्यबळ प्रतिस्पर्धीच नव्हता. २१ जुलै रोजी बायडेन यांनी माघार घेतली आणि पक्षाच्या प्रतिनिधींनी उमेदवारी कमला हॅरिस यांना दिली. त्यांच्या नावावर कोणत्याही राज्याच्या प्रायमरीत मतदान झालेले नव्हते.