स्टाबूर

नॉर्वेच्या ग्रामीण भागातील, जमिनीपासून उंचावर उभारलेले लाकडी कोठार. पारंपरिक नॉर्वेजियन शेतघर ही एकच मोठी वास्तू नसे. राहते घर, भाकरी भाजण्याचे घर, गोठा, गवताची वखार व कोठार अशा स्वतंत्र लहान वास्तू मोकळ्या आवाराभोवती (तून) बांधीत. लाकडी बांधकामास आगीचे भय मोठे असल्याने चुलीपासून वर्षाचे अन्न दूर ठेवणे, हे या विभागणीमागील एक महत्त्वाचे कारण होय. देशातील केवळ सु. ३ टक्के भूमी लागवडीयोग्य असून हिवाळा दीर्घ असतो. त्यामुळे कोठाराच्या सुरक्षिततेवर कुटुंबाचे जीवित अवलंबून असे.

स्टाबूरच्या तळमजल्यावर धान्य, पीठ, खारवलेले व वाळवलेले मांस आणि महिनोन्‌महिने टिकणारी पातळ कोरडी भाकरी ठेवीत. वरचा मजला असल्यास तेथे कपडे, पांघरुणे व पेटारे असत. कोठाराची किल्ली गृहिणीकडे असे व ती तिच्या अधिकाराचे चिन्ह मानली जाई. कोठार आखूड, जाड खांबांवर अथवा दगडांवर उचललेले असल्याने खालून हवा खेळती राही. खांबांच्या माथ्यावरील रुंद फळी वा चपटा दगड आणि पायरी व दार यांमधील मोकळी जागा यांमुळे उंदरांना आत शिरता येत नसे. भिंतींसाठी पाइनचे ओंडके आडवे रचून त्यांची टोके कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत गुंतवीत. टेलेमार्क भागात अशी मध्ययुगीन कोठारे आढळतात. त्यांपैकी काही १२ व्या व १३ व्या शतकांतील आहेत.

छपराच्या फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे अनेक थर कौलांप्रमाणे एकावर एक चढवून पसरीत व त्यांवर गवतासह कापलेल्या मातीच्या ढेपा मांडीत. पाणी अडविण्याचे कार्य साल करते. माती व गवत तिला दाबून धरतात आणि ऊन-वाऱ्यापासून तिचे रक्षण करतात. ढेपांच्या खालच्या थरातील गवत खाली व वरच्या थरातील गवत वर असे. कालांतराने मुळे परस्परांत गुंतून अखंड आच्छादन तयार होई. ते सु. १५ सेंमी. जाड असून त्याचे वजन दर चौ. मी. ला सु. २५० किग्रॅ. भरते. या भाराने भिंतींतील ओंडके एकमेकांवर घट्ट बसतात. छपराच्या कडेला माती घसरू नये म्हणून आडवा ओंडका बसवीत आणि तो वाकड्या लाकडी आकड्यांनी अडकवीत.

हे सर्व साहित्य परिसरातच मिळे. खर्च होई तो मुख्यतः श्रमांचा. साल काही दशकांत कुजत असल्याने छपर पुन्हा घालावे लागे व त्यासाठी शेजारी एकत्र येत. परस्परसाहाय्याच्या या प्रथेस ‘दुग्नाद’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कौले, पाटीचा दगड व लोखंडी पत्रे यांचा प्रसार होऊन गवताची छपरे मागे पडली. त्याच शतकात अमेरिकेकडे मोठे स्थलांतर होऊन अनेक खेड्यांतील मनुष्यबळही घटले.

दुसरा ऑस्कर या राजाने १८८१ मध्ये ऑस्लोजवळील बिग्डोय येथे जुन्या वास्तूंचा संग्रह सुरू केला. लिलेहामर येथील दंतवैद्य आंडेर्स सान्विग यांनी १८८७ पासून जमविलेल्या वास्तू १९०४ मध्ये मायहाउगेन येथील संग्रहालयात खुल्या झाल्या. स्थलांतराने वास्तू वाचली, तरी तिचा शेतीशी असलेला संबंध तुटला. पुढे १९७८ च्या कायद्याने १५३७ पूर्वीच्या वास्तूंना आपोआप संरक्षण मिळाले. त्यांतील अनेक आजही खाजगी शेतांवर उभ्या आहेत. १९९१–९९ या काळातील शासकीय योजनेत अशा वास्तूंची दुरुस्ती जुन्या पद्धतीने व जुन्या धर्तीच्या हत्यारांनी करण्यात आली. ओंडक्यांच्या भिंती शतकानुशतके टिकतात. वरचे छपर मात्र वेळोवेळी नव्याने घालावे लागते. म्हणून वास्तूबरोबरच साल सोलण्याचे व ढेपा घालण्याचे कसब जिवंत ठेवणे, हा तिच्या जतनाचा अपरिहार्य भाग ठरतो. नव्या विश्रामगृहांवर गवताची छपरे पुन्हा दिसू लागली असली, तरी त्यांत सालीची जागा बहुधा प्लॅस्टिकच्या थराने घेतली आहे.