जखम दिसते, झीज दिसत नाही

१६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाच्या फौजेचा पाडाव झाल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांची काय व्यवस्था लावली, याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. पडलेल्यांच्या मुलांचे पुढे चालवले, मुलगा नसेल तिथे विधवेला निम्मे वेतन बांधून दिले आणि जखमींना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. पेशवाईतही कामी आलेल्या शिपायाच्या घराला बालपरवेशीची, म्हणजे मुलाबाळांच्या पोषणाची, नेमणूक मिळे. राज्यासाठी ज्याने शरीर खर्ची घातले त्याचा भार राज्याने उचलायचा, हे तत्त्व आपल्याकडे इतके जुने आहे. मात्र त्याचे माप होते जखम, आणि जखम कुणालाही दिसते. आज मानेच्या किंवा कमरेच्या दुखण्यासाठी डिसॅबिलिटी पेन्शन मागणाऱ्या माजी सैनिकाची अडचण नेमकी इथे आहे. त्याच्या अंगावर वार नाही, आत झीज आहे. अशा अपिलांचा इतिहास म्हणजे या झिजेचा पुरावा कोणी द्यायचा, या एका प्रश्नाचा इतिहास होय. तो भार सैनिकावर नाही, हे कायद्याने दिलेले उत्तर न्याय्य आहे आणि कोर्टाची पायरी चढायला न लावता ते पाळले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जखम आणि झीज यांतला हा फरक बिदरपासून पाहू. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद हा मराठी घरांचा सीमाभाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर आजच्या कर्नाटकात गेला. बिदरला हवाई दलाचा जुना प्रशिक्षण तळ आहे. विमान सोडून बाहेर पडायची वेळ आली की आसन वैमानिकाला ज्या जोराने वर फेकते, तो सगळा जोर सरळ पाठीच्या कण्यातून जातो. त्याने मणका दबतो, ही विमानवैद्यकातली परिचित इजा आहे. पण ती त्याच दिवशी क्ष-किरणात दिसते, तिला तारीख असते, अपघाताची चौकशी होते. आता पायदळातला जवान पाहा. उखळी तोफेची लोखंडी बैठक पाठीवर घेऊन तो डोंगर चढतो, किंवा लडाखच्या खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षे लष्करी ट्रक हाकतो. कुठल्याही एका दिवशी काहीच घडत नाही. बारा-पंधरा वर्षांनी मान आखडते, दंडातून बोटांपर्यंत मुंग्या येतात, आणि एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी नसेवर आलेली दिसते. घरचे म्हणतात, मणक्यात गॅप पडला. ही इजाही नोकरीचीच, पण तिला तारीख नाही.

आपल्या संस्थांनीही दिसणाऱ्या इजेलाच आधी जवळ केले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणी झिजल्या, कूटच्या वेढ्यात अडकल्या. त्या युद्धातल्या अपंग सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले आणि पुढे ते खडकीला आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. १९७४ मध्ये खडकीलाच कण्याच्या दुखापतीने लुळ्या झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक होम उभे राहिले. ही कामे अभिमानाची आहेत. झिजलेल्या मणक्याच्या वाट्याला मात्र फक्त कागद आला.

तो कागद कसा वाचायचा याचे नियम दुसऱ्या महायुद्धाने बदलले. १९४३ मध्ये ब्रिटनने पुराव्याचे ओझे सैनिकाच्या खांद्यावरून काढले, आणि पुढच्या काही वर्षांत न्यायमूर्ती डेनिंग यांनी पेन्शनच्या अपिलांत संशयाचा फायदा सैनिकाला देणारे निकाल दिले. भारतात १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सनी हेच सूत्र धरले. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानायचे, वैद्यकीय कारणाने तो बाहेर पडला तर बिघाड सेवेमुळे झाला असे मानायचे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात हे नियम पुन्हा बजावले आणि जवानाची तपासणी करणाऱ्या मेडिकल बोर्डाने आपल्या मताची कारणे दिलीच पाहिजेत असे सांगितले. तो खटला मणक्याचा नव्हता, तरी मणक्याच्या प्रकरणांना त्याचा मोठा आधार मिळाला.

कारण अडते ते बोर्डाच्या कागदावरच. विकार सेवेमुळे झाला का, सेवेने वाढला का, असे सरळ प्रश्न तिथे असतात. उत्तरात बहुधा ‘झीजजन्य, सेवेशी संबंध नाही’ एवढीच ओळ येते. जवान कुठे होता, काय वाहत होता, याचा त्यात मागमूस नसतो. मग पहिले अपील, दुसरे अपील, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याची खंडपीठे मुंबई, चेन्नई, कोची अशा शहरांत. भालकीच्या माणसाला प्रत्येक तारीख म्हणजे लांबचा प्रवास. आणि इतके करून मिळते किती? शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या पगाराच्या तीस टक्के मिळतात, म्हणजे वीस टक्क्यांना सहा. हे वीस टक्के पन्नास धरून पंधरा द्यायचे, हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालापर्यंत थांबावे लागले. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच सरकारला जवानांविरुद्धची अनावश्यक अपिले मागे घ्यायला सांगितले होते.

यावर आक्षेप घेतला जातो की मणक्याची झीज शेतकऱ्याला होते, कारकुनालाही होते, वयाबरोबर ती सगळ्यांनाच गाठते. हे खरे आहे. पण जवान बहुतेक चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो, तेव्हा वयाचे कारण पुरत नाही. शिवाय धाव, छाती, वैद्यकीय तपासणी यांतून पारखून सैन्यानेच त्याला घेतलेले असते. ओझे, ठाणे, झोपायची जागा सैन्यच ठरवते आणि सगळ्या नोंदीही सैन्याकडेच असतात. नोंदी ज्याच्या ताब्यात, पुरावा त्याने द्यावा, यात उपकार नाही. दुसरा आक्षेप गैरवापराचा. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व पेन्शनचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच जास्त असल्याचे महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवले, आणि त्याच वर्षी नियम कडक झाले. ही चिंता मी हलकी मानत नाही. पण खोटा दावा उघडा पाडायचा तर बोर्डाला सेवेचे एकेक वर्ष तपासून सविस्तर कारणे लिहावी लागतील, आणि खरा दावा मान्य करायलाही तेच लागते. सरसकट नकाराने लबाड माणूस वकील गाठतो आणि गरीब जवान घरी बसतो.

म्हणून मागणी साधी आहे. बोर्डाच्या मताशेजारी जवानाच्या नेमणुकांचा आणि कामाचा तपशील सक्तीने लिहावा, आणि न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुद्द्यावर सरकारने पुन्हा जवानाविरुद्ध उभे राहू नये. झीज मोजण्याची यंत्रे आज हाताशी आहेत. कमी आहे ती जवानाचे सेवापुस्तक उघडून वाचण्याची तयारी, आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.