झपाटलेला २

झपाटलेला २ : मराठी भय-विनोदी चित्रपट. प्रदर्शन ७ जून २०१३. दिग्दर्शक महेश कोठारे. त्यांच्याच ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाचा हा पुढचा भाग, मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून गाजावाजा होऊन आलेला.

मूळ चित्रपटाची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेली असली, तरी तिचा अवतार अस्सल मराठी होता. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरता मरता त्या मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो लक्ष्या बोळकेच्या हाती. लक्ष्या शब्दभ्रमकार, बाहुल्यांना बोलते करणे हीच त्याची हौस. ‘माझा बाहुला आपण होऊन बोलतो’ असे अशा माणसाने सांगितले, तर विश्वास कोण ठेवणार? कथेची सगळी ताकद या पेचात होती. लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्यावर प्रेक्षक हसत, आणि हसता हसता त्यांनाही धडकी भरे. बाहुला घडवला होता रामदास पाध्ये यांनी, आवाज होता दिलीप प्रभावळकर यांचा. खालचा जबडा खटखट हलायचा, मान एकदम वळायची, डोळे फिरायचे. त्या काळच्या पोरांनी घरातल्या बाहुल्या कपाटात टाकल्या त्या यामुळेच. हिंदीत हा चित्रपट ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने गेला.

बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. त्यामुळे दुसऱ्या भागात तात्याला लक्ष्याऐवजी त्याचा मुलगा आदित्य (आदिनाथ कोठारे) हवा असतो. सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. संगीत अवधूत गुप्ते यांचे. प्रभावळकर आणि पाध्ये दोघेही परतले, त्यामुळे तात्याचा दरारा शाबूत राहिला. पण बाहुला जिवंत आहे हे आता सर्वांना ठाऊक असते. एकट्या पडलेल्या माणसाची तडफड संपते आणि उरते ती पाठलागाची धावपळ.

पार्श्वभूमी जत्रेची घेतली, ही निवड मात्र उत्तम होती. सोलापूरकरांना हे चटकन कळेल. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळणे, भोंग्यांचा कालवा, खेळण्यांची दुकाने आणि आईचा हात सुटलेले एखादे पोर, हे ज्याने पाहिले आहे, त्याला खेळण्यांच्या ढिगात तात्या नुसता बसलेला दाखवला तरी पुरे. चित्रपट तिथे थांबत नाही. पडद्याबाहेर वस्तू फेकण्याच्या नादात तो गर्दीतल्या भीतीकडे पाठ फिरवतो.

तंत्राचे धाडस म्हणून या चित्रपटाची नोंद घ्यावीच लागेल; कथा म्हणून तो पहिल्याच्या जवळपासही पोहोचत नाही. ज्यांनी १९९३ चा ‘झपाटलेला’ पाहिलेला नाही, त्यांनी आधी तोच पाहावा.