वाटीभर जेवणाचा इतिहास

जिलबी अर्धीच खाल्ली होती. चुलतभावाचं लग्न, सांगलीतलं कार्यालय, शेवटची पंगत, आणि आत्या ताट घेऊन समोर उभी. "एक तरी घे रे, घरचं लग्न आहे." ऑपरेशनला तेव्हा पाच महिने झाले होते. मी म्हटलं, अर्धी. पंधरा मिनिटांत छातीत धडधड, कपाळावर घाम, पोटात मुरडा. वरपक्षाच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर पाऊण तास पडून होतो. आई पदराने वारा घालत होती आणि दारातून कुणीतरी विचारत होतं, "प्यायलाय का हा?"

माझ्यावर गॅस्ट्रिक बायपास झाली आहे. (नातेवाइकांना 'बायपास' म्हणजे हृदयाचीच वाटते. "एवढ्या तरुणपणी?" असं म्हणून ते हळहळतात आणि मी दुरुस्ती करायच्या भानगडीत पडत नाही.) सत्ताविसाव्या वर्षी बीएमआय ४१, मधुमेह, आणि झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. आता माझं जठर म्हणजे वरच्या टोकाला बेतलेली साधारण ३० मिलिलिटरची पिशवी, खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं म्हणा ना. ती थेट लहान आतड्याला जोडली आहे. उरलेलं जठर पोटातच आहे, पण अन्न त्याच्या वाटेला जात नाही.

घरी सोडताना आहारतज्ज्ञ मॅडमनी एक कागद दिला. आईने तो फ्रिजवर चुंबकाने लावला. जेवताना पाणी नाही, आधी आणि नंतर अर्धा तास. आधी प्रथिनं, मग बाकीचं. गोड नाही. घास पंचवीस वेळा चावायचा. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. गोळ्या आणि बी-१२ जन्मभर. कारणं कुठेही नाहीत. आमच्या धंद्यात असा कोड रोज भेटतो: कुणीतरी कधीतरी लिहिलेली ओळ, ती का आहे ते ठाऊक नाही, पण काढली की सगळं कोसळतं. अशा वेळी आम्ही ती ओळ कुणी, कधी लिहिली ते शोधतो. गादीवरून उठल्यावर मी तेच केलं, फ्रिजवरच्या कागदाचं.

सुरुवात लठ्ठपणापासून होत नाही, कर्करोगापासून होते. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथने एका बाईच्या जठराचा कर्करोग झालेला भाग कापून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. ती जेमतेम चार महिने जगली, पण ऑपरेशनने मेली नाही, रोगाने मेली. त्या काळी हाच मोठा विजय होता. १८९७ मध्ये झुरिकला कार्ल श्लाटरने त्याच्याही पुढे जाऊन ५६ वर्षांच्या एका बाईचं अख्खं जठर काढलं आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. ती वर्षाहून जास्त जगली, जेवली, खाल्लेलं पचवलं. जठराशिवाय माणूस जगतो हे तेव्हा सिद्ध झालं. कसा जगतो, हा प्रश्न पुढच्यांसाठी उरला.

पुढचे म्हणजे अल्सरवाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत जठराच्या अल्सरवर कापाकापी हा मोठा उपाय होता. जठराचा निम्माअधिक भाग काढायचा किंवा त्याला आतड्याशी नवी वाट करून द्यायची. अल्सर बरा व्हायचा, पण काही पेशंट जेवण झालं की घामाघूम होऊन आडवे व्हायचे. १९१३ मध्ये लंडनच्या आर्थर हर्ट्झने लिहिलं की यांचं जठर फार लवकर रिकामं होतंय. (पुढे पहिल्या महायुद्धात या गृहस्थांनी जर्मन वाटणारं आडनाव बदलून हर्स्ट केलं.) १९२२ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स मिक्सने त्याला शब्द दिला, 'डंपिंग'. ट्रकने रेती ओतावी तसं जठर आपला माल आतड्यात ओतून देतं.

माझ्या जिलबीचं नेमकं तेच झालं होतं. धडधाकट जठराच्या तळाशी एक झडप असते. ती अन्नाचा लगदा घोटाघोटाने पुढे सोडते. माझ्या वाटेत ती झडप नाही. पाकातली साखर एकदम लहान आतड्यात उतरते. एवढा गाढ पाक पातळ करायला आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं, फुगतं, आणि रक्तातलं पाणी घटलं म्हणून हृदय धावायला लागतं. हा पहिला झटका. दुसरा एक ते तीन तासांनी येऊ शकतो: साखर झपाट्याने रक्तात गेली म्हणून शरीर भरमसाट इन्सुलिन सोडतं, आणि साखर वर जाण्याऐवजी खाली कोसळते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेही घरात वाढलेल्या मला गोड खाऊन साखर कमी होते हे पटायलाच वेळ लागला.

त्या अल्सरवाल्यांना डॉक्टर काय सांगायचे? थोडं थोडं खा, वरचेवर खा, कोरडं खा, गोड टाळा, जेवताना पाणी पिऊ नका. म्हणजे माझा फ्रिजवरचा कागद जवळजवळ जसाच्या तसा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. त्यात एक गंमत आहे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांनी दाखवलं की बऱ्याचशा अल्सरमागे एक जिवाणू असतो. आम्लाचा जोर उतरवणाऱ्या गोळ्या त्याआधीच आल्या होत्या. त्यामुळे अल्सरची ऑपरेशनं जवळपास संपली. त्या पेशंटांनी गाद्यांवर पडून मिळवलेलं सगळं शहाणपण वाया गेलं असतं, पण तोवर त्याला दुसरे वारस मिळाले होते. आम्ही.

ते कसे मिळाले, यातच या इतिहासाचा सगळ्यात वाईट भाग येतो. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन आणि लिनर यांच्या गटाने वजन कमी करायला आतड्यालाच बगल देण्याची कल्पना मांडली. जठराला हात लावायचा नाही. सहा-सात मीटर लहान आतड्यातलं बहुतेक बाजूला टाकायचं. पुढे लॉस एंजेलिसच्या पेन आणि डिविंड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत अन्नाच्या वाटेवर १४ इंच सुरुवातीचं आणि ४ इंच शेवटचं आतडं उरायचं. १८ इंच! हवं ते खा, शोषलं जाणारच नाही. कागदावर हे किती सुबक दिसतं. प्रत्यक्षात जुलाब थांबेनात, मूतखडे झाले, जीवनसत्त्वं संपली, काहींची यकृतं निकामी झाली आणि माणसं मेली. १९८० च्या सुमारास ही पद्धत बंद पडली. 'हवं ते खा आणि बारीक व्हा' हे आजही विकलं जातं, तेव्हा मला ते १८ इंच आठवतात.

आयोवा विद्यापीठातला सर्जन एडवर्ड मेसन याने तसं केलं नाही. त्याने आधी बघितलं. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या बायका पुन्हा वजन धरत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. इतर सर्जनांच्या दृष्टीने तो दुष्परिणाम होता. मेसन म्हणाला, मग ज्यांना वजन नकोच आहे त्यांच्यासाठी हाच परिणाम. १९६६ मध्ये त्याने आणि चिकाशी इतो याने पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. जठर कापून काढलं नाही, वरची छोटी पिशवी वेगळी केली आणि आतड्याचा वेटोळा वर आणून तिला जोडला. सुरुवातीची पिशवी माझ्या पिशवीपेक्षा बरीच मोठी होती. मोजत मोजत ती लहान होत गेली. १९७७ मध्ये केंटकीच्या वॉर्ड ग्रिफेनने वेटोळ्याऐवजी 'वाय'च्या आकाराचा सांधा केला, म्हणजे पित्त वर चढत नाही. हा सांधा मुळात स्वित्झर्लंडच्या सेझार रूचा, एकोणिसाव्या शतकातला. १९९४ मध्ये विटग्रोव आणि क्लार्क यांनी हेच ऑपरेशन दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणून माझ्या पोटावर पाच बारीक खुणा आहेत, लांब टाक्यांची रेघ नाही.

मेसनबद्दल मला आदर वाटतो तो ऑपरेशनपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीमुळे. १९८६ मध्ये त्याने आयोवात या शस्त्रक्रियांची नोंदवही सुरू केली. किती पेशंट, कोणती पद्धत, पुढे काय झालं. आतड्याच्या बायपासने केवढी किंमत वसूल केली ते त्याने पाहिलं होतं. २०२० च्या डिसेंबरात, वयाची शंभरी ओलांडून तो गेला.

आता 'बी-१२ जन्मभर' ही ओळ. यामागची गोष्ट जेवता जेवता वाचू नका. १९२० च्या दशकात एक जीवघेणा रक्तक्षय होता. रोज पावशेर यकृत खाल्लं तर माणसं वाचतात एवढं कळलं होतं, पण का ते नाही. बॉस्टनच्या विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरला वाटलं की निरोगी माणसाचं जठर काहीतरी असं करतं जे या पेशंटांचं करत नाही. म्हणून तो स्वतः ३०० ग्रॅम गोमांस जवळपास कच्चंच खायचा, तासाभराने ते उलटून काढायचा आणि तो द्रव नळीने पेशंटला द्यायचा. नुसतं मांस देऊन काही होत नव्हतं. कॅसलच्या पोटातून जाऊन आलेलं मांस दिलं की रक्त वाढायचं! १९२९ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. त्यामागचं जीवनसत्त्व बी-१२ हाती लागलं १९४८ मध्ये. ते शोषलं जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, आणि माझ्या जेवणाची त्या जठराशी आता गाठच पडत नाही. म्हणून इंजेक्शन. दर वेळी दंड पुढे करताना मला कॅसलची आठवण येते.

त्याच कागदावर फॉलिक आम्लाची गोळी आहे, आणि ती तर आपल्या परळमधून निघाली आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा रक्तक्षय तिला समजून घ्यायचा होता. हाफकिन संस्थेत काम करताना तिच्या लक्षात आलं की यीस्टचा स्वस्त अर्क, पावाला लावायचं मार्माइट, दिलं की या बायका सुधारतात. १९३१ मध्ये तिने तो निबंध छापला. त्यातला गुणकारी पदार्थ फॉलिक आम्ल होता हे नंतर कळलं. माझी पणजी परळलाच राहायची आणि पणजोबा गिरणीत होते. याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गोळी गिळताना तो जोडल्याशिवाय राहवत नाही.

कागदावर जे नव्हतं ते सगळ्यात अवघड गेलं. भूक गेली. 'घ्रेलिन' हे भूक चाळवणारं संप्रेरक १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं. २००२ मध्ये कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गॅस्ट्रिक बायपासनंतर रक्तात त्याचं प्रमाण फार कमी असतं. म्हणजे 'तोंडावर ताबा ठेव' हे मी पंधरा वर्षं ऐकलं, त्यातला ताबा निदान काही अंशी एका रेणूचा होता. हे वाचून आधी हलकं वाटलं आणि मग राग आला. कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

घरात मात्र याचा त्रास आईला झाला. पहिले दोन आठवडे डाळीचं पाणी आणि पातळ ताक, मग गुरगुट्या वरण-भात, मग पनीर आणि अंडं. पोळीचा नीट न चावलेला घास गोळा होऊन अडकायचा आणि मी बेसिनकडे पळायचो. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. एका रविवारी तिने भरली वांगी केली, मी दोन चमचे खाऊन वाटी सरकवली आणि ती म्हणाली, "मग मी स्वयंपाक कुणासाठी करू?" बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मधुमेहानेच. घरात जेवणारी माणसं दोनच, त्यातला एक असा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला रिपोर्ट दाखवला: मेटफॉर्मिन बंद होती आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ५.६ वर. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉल्टर पोरीजने ज्या निबंधात सांगितलं की या ऑपरेशननंतर वजन उतरायच्याही आधी, काही दिवसांतच अनेकांची साखर ताळ्यावर येते, त्याच्या शीर्षकाचाच सूर 'असं कुणाला वाटलं असतं' असा होता. आईने रिपोर्ट दोनदा वाचला, वांगी डब्यात भरून शेजारच्या काकूंना दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बाळाचा चमचा आणि चटणीची वाटी मला वेगळी झाली.

राहिला आकडा. विमा कंपनीने माझा क्लेम आधी 'सौंदर्यासाठी' म्हणून फेटाळला. भांडताना मी कलम वाचलं: बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असेल तर ३५. भारताच्या विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांतलं हे कलम. पण हे आकडे १९९१ च्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेतले आहेत. २०२२ मध्ये सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी ते खाली आणले, आणि आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून विचार करा असं सांगितलं. मी ४१ असल्यामुळे सुटलो. बाबा ३१ होते. त्यांना हे ऑपरेशन कुणी सुचवलंच नव्हतं. तेव्हा सुचवलं असतं तरी कलमात बसले नसते.

मागच्या महिन्यात फ्रिजवरचा कागद फाटायला आला होता. आईने तो वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला. सगळ्या ओळी जशाच्या तशा आहेत, गोळ्यांच्या वेळांसकट. शेवटी तिची एक नवी ओळ आहे, लाल पेनाने: 'आत्याच्या हातचं काही नाही.'