लक्षात कुणी ठेवायचं? ग्लायडरच्या रिमोटमधल्या फ्लाइट मोडची गोष्ट

'फ्लाइट मोड' म्हटलं की आपल्याला फोनवरचं ते छोटंसं विमान आठवतं. ते दाबलं की रेडिओ बंद. आजचा फ्लाइट मोड याच्या बरोबर उलटा आहे, कारण इथे सगळा खेळच रेडिओवर चालतो. विषय आहे रिमोटवर उडणारं, इंजिन नसलेलं मॉडेल ग्लायडर, आणि जमिनीवर उभ्या पायलटच्या हातातला ट्रान्समीटर.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे या इतिहासात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. यंत्र आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, हे लक्षात कुणी ठेवायचं? माणसानं की यंत्रानं? आम्ही या अवस्थेला 'स्टेट' म्हणतो.

सुरुवात १८९८ पासून करू. निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. सिग्नल आला की बोटीच्या आतली चकती एक पाऊल पुढे सरकायची आणि त्याप्रमाणे काम बदलायचं. म्हणजे चकती आत्ता कुठे आहे, हे माहीत असल्याशिवाय पुढचा सिग्नल काय करेल ते सांगता येत नव्हतं.

पुढे १९३७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या कॅलमझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचं मॉडेल विमान रेडिओवर उडवलं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढची बरीच वर्षं हौशी लोकांकडे साधी यंत्रणा असायची: एक बटण, आणि विमानात पीळ दिलेल्या रबरबँडवर चालणारं एस्केपमेंट. बटण दाबलं की रडर उजवीकडे, सोडलं की मधे, पुन्हा दाबलं की डावीकडे. मागच्या वेळी कुठे वळलो होतो हे विसरलात, तर विमान उजवीऐवजी डावीकडे जाणार. सगळी स्टेट पायलटच्या डोक्यात!

१९६० च्या दशकात प्रपोर्शनल कंट्रोल रुळला आणि हा ताण संपला. स्टिक जितकी हलवाल तितकाच रडर हलतो. पल्स १ मिलीसेकंदाचा असेल तर सर्व्हो एका टोकाला, २ चा असेल तर दुसऱ्या टोकाला, दीडचा असेल तर मधोमध. स्टिक सोडली की सगळं मधे. काहीच लक्षात ठेवायला नको.

मग मोड कशाला लागले? कारण ग्लायडरच्या स्पर्धा अवघड झाल्या. एफ३बी हा आंतरराष्ट्रीय प्रकार बघा. त्यात तीन कामं असतात: ठरलेला वेळ हवेत राहून नेमक्या जागी उतरणं, ४ मिनिटांत १५० मीटरच्या जास्तीत जास्त फेऱ्या मारणं, आणि ६०० मीटर अंतर कमीत कमी वेळात कापणं. मेख अशी, की एका राउंडमध्ये तिन्ही कामं एकाच ग्लायडरनं करायची, पंख बदलायचे नाहीत. तरंगायला बाकदार पंख हवा, पळायला सपाट. मग एकाच पंखाचा आकार हवेतच बदलावा लागतो.

पंखाच्या मागच्या कडेला दोन एलेरॉन आणि दोन फ्लॅप असतात. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, चारही दोन-तीन मिलिमीटर खाली. वेगात जायचं तर किंचित वर. विंचच्या दोरीनं वर खेचताना बरेच खाली. उतरताना फ्लॅप जवळजवळ काटकोनात खाली आणि एलेरॉन वर, शिवाय नाक उचललं जाऊ नये म्हणून एलेव्हेटरही थोडा खाली. शेपटीचे दोन सर्व्हो धरून सहा सर्व्हो, आणि माणसाला अंगठे दोन!

सुरुवातीला अशी मिसळण विमानाच्या पोटातच करायचे: एक सर्व्हो दुसऱ्या सर्व्होला सरकत्या पट्टीवर ढकलायचा. नंतर ती ट्रान्समीटरमध्ये आली, आणि १९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसरवाले ट्रान्समीटर आल्यावर ती आकड्यांत साठवता येऊ लागली. एक स्विच, आणि सहाही सर्व्हो नव्या जागी. स्टेट परत आली, पण आता ती ट्रान्समीटरच्या मेमरीत होती आणि तिला नावं होती: लाँच, थर्मल, क्रूझ, स्पीड, लँडिंग.

तरी नियम कंपनीचेच. कंपनीनं जे मेनू दिले, तेवढंच करता यायचं. ते बदललं टर्निजी ९एक्स नावाच्या स्वस्त ट्रान्समीटरमुळे. हौशी प्रोग्रॅमरनी त्याच्या चिपसाठी स्वतःचं फर्मवेअर लिहिलं आणि मोकळं ठेवलं. ईआर९एक्स, ओपनटीएक्स, आणि २०२१ पासून एजटीएक्स ही त्याच घराण्यातली नावं.

ओपनटीएक्समध्ये ० ते ८ असे नऊ फ्लाइट मोड असतात. ट्रान्समीटर १ पासून तपासत जातो, ज्याचं स्विच आधी चालू सापडेल तो मोड लागू. एकही सापडला नाही तर मोड ०. ओळखलंत ना? साधी इफ-एल्स साखळी! म्हणून घाईच्या वेळी लागणारा मोड वर ठेवायचा, आणि ० मध्ये असं सेटिंग ठेवायचं ज्यात ग्लायडर शांतपणे उडत राहील. प्रत्येक मोडला स्वतःचं ट्रिम देता येतं. पंखाच्या बाकाचा आकडा ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर मिक्सची ओळ तीच राहते, आकडा मोडप्रमाणे बदलतो. आणि फेड असतो: एका मोडमधून दुसऱ्यात जाताना सर्व्हो झटक्यात न जाता हळूहळू सरकतात, म्हणजे ग्लायडरला हिसका बसत नाही.

पण मेमरीतल्या स्टेटचा एक धोका आहेच. ग्लायडर आत्ता थर्मलमध्ये आहे की जमिनीपासून दहा फुटांवर, हे ट्रान्समीटरला कळत नाही. त्याला फक्त स्विच दिसतं. खाली येताना चुकून लाँच मोड लागला, तरी तो निमूटपणे पंख तसे करेल. म्हणून उडवण्याआधी जमिनीवर प्रत्येक स्विच फिरवून पंखाची कड डोळ्यांनी बघायची. फ्लाइट मोड प्रोग्रॅम करणं म्हणजे हवेत अर्ध्या सेकंदात घ्यावे लागणारे निर्णय आदल्या दिवशी टेबलावर शांतपणे घेऊन ठेवणं. कुठला निर्णय कधी वापरायचा, हे मात्र पायलटलाच ठरवायचं असतं.

म्हणूनच मला यातलं सगळ्यात आवडणारं फीचर अगदी साधं आहे. मोड बदलला की नवे ट्रान्समीटर बोलून सांगतात. एसडी कार्डावरची ध्वनिफीत वाजते, आणि ती आपण स्वतः रेकॉर्ड करू शकतो. नजर आकाशात आणि कानात अस्सल मराठीत आवाज: "स्पीड लागला." स्टेट लक्षात ठेवतं यंत्र, आणि माणसाला आठवण करून देतं. सव्वाशे वर्षांनंतर दोघांनी काम वाटून घेतलंय.

तुमच्या ट्रान्समीटरमध्ये कुठल्या मोडला काय आवाज द्याल, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!